फोटोतली पाटी

मला जपानी बोलता येत नाही, कुणी बोललं तर कळत नाही, आणि नकाशात जपान दाखव म्हटलं तर मी चार ठिकाणी बोट फिरवीन. पण तिथल्या रस्त्यांवरच्या दहा-बारा पाट्या मला वाचता येतात. बारामतीला कालव्याकाठच्या मळ्यात वाढलेल्या, मराठी चौथी झालेल्या बाईला हे कुठनं आलं, असं कुणी विचारलं की मी म्हणते, भावानं शिकवलं. एवढं सांगून विषय बदलते. आज बदलत नाही. माझं वय झालं, आणि ज्यांच्यापासून लपवायचं ती माणसं आता राहिली नाहीत.

ही एकोणीसशे तीस सालानंतरची गोष्ट. माझा भाऊ, दादा, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. पुण्याला राहून मॅट्रिक झालेला आमच्या भावकीतला तो पहिलाच. आबांना, म्हणजे आमच्या वडलांना, वाटत होतं की त्यानं घरी येऊन ऊस आणि पेरूची बाग बघावी. पण मुंबईच्या एका व्यापाऱ्याची कापडाची पेढी जपानात, कोबे नावाच्या बंदरात होती. तिथं दादाला कारकुनाची जागा मिळाली. आबा आठ दिवस त्याच्याशी बोलले नाहीत, आणि नवव्या दिवशी त्याची ट्रंक स्वतःच्या खांद्यावर घेऊन स्टेशनात गेले. आई गेली नाही. "मला बाई ती गाडी हललेली बघवायची न्हाय," म्हणाली आणि चुलीपुढं बसून राहिली.

आबांना अक्षर येत नव्हतं, आईला तर नाहीच. त्यामुळं दादाचं पत्र आलं की वाचायची मी. दुपारी औत सुटलं की आबा ओसरीवर टेकायचे, आई सूप घेऊन दाराशी बसायची, आणि मी मोठ्यानं वाचायची. दादाला हे ठाऊक होतं. आबांच्या पत्रात तो सगळ्यांनी ऐकावं असं लिहायचा, आणि माझ्यासाठी वेगळा कागद घडी करून आत घालायचा. तो मी मनात वाचायची. आबा विचारायचे, "आलं का तुझं कोंबडीच्या पायाचं?" कारण माझ्या कागदावर जपानी पाट्या काढलेल्या असायच्या, आणि त्या खरंच कोंबडी शाईत पाय बुडवून चालून गेल्यासारख्या दिसायच्या.

पाट्यांचं हे वेड त्याला का लागलं ते त्यानं पहिल्याच पत्रात कळवलं होतं. तिथं लोक घरी न्हात नाहीत, आळीची मिळून एक मोठी न्हाणी असते आणि तिला दोन दारं असतात. दादा बिचारा साबण-पंचा घेऊन एका दारातून आत शिरला, आणि गल्ल्यावर बसलेली म्हातारी असं काही ओरडली की हा पायताण तिथंच टाकून रस्त्यावर. ते बायकांचं दार होतं! मला वाचताना हसू आवरेना. आई म्हणाली, "शोभलं! एवढी विद्या शिकून बाईबाप्याचं दार कळंना." पण डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत तीही हसली. तो गेल्यापासून मी तिला पहिल्यांदा हसताना बघितलं.

मग प्रत्येक पत्रात एक-दोन पाट्या येऊ लागल्या. बाप्यांच्या दारावर वर चार वाफ्यांचं शेत आणि खाली राबणारा हात. आबांना ते फार आवडलं. "म्हंजे तितं बी शेतात बाप्याच राबतो!" आई सुपातनं मान वर न करता म्हणाली, "आन बाया झोपा काढत्यात व्हय?" नुसता चौकोन म्हणजे तोंड. चौकोनाबरोबर एकावर एक दोन डोंगर असले तर बाहेर जायचं दार. दोन काड्या एकमेकींना टेकून उभ्या असल्या तर आत यायचं. आडवी पाटी उजवीकडनं वाचायची, असं त्यानं बजावलं होतं. शेजारी शेजारी दोन झाडं आणि त्यांच्याखाली तिवई दिसली की समजायचं, मनाई. आत येऊ नये, विडी ओढू नये, काय असेल ते, पण करायचं नाही.

त्या दिवाळीत मी उंबऱ्यापुढं रांगोळीनं दोन डोंगर आणि चौकोन काढला. आळीतल्या बायकांना ती नक्षी इतकी आवडली की दुसऱ्या दिवशी चार दारांत ती उमटली. येणाऱ्या पाहुण्यांना दारातच 'बाहेर जा' म्हणून सांगत होत्या बिचाऱ्या! मी दादाला हे कळवलं, तर त्यानं लिहिलं, बोटीत बसून तिकडं येतो आणि सगळ्या पुसून काढतो.

पुढच्या एका कागदावर त्यानं आजारपणाची खूण काढली होती. वर छप्पर, छपराच्या डाव्या अंगाला गळणारे दोन थेंब, आणि आत कोंडून बसलेला माणूस. हे दारावर दिसलं तर तो दवाखाना, असं त्यानं लिहिलं होतं. मी ती खूण राखेत बोटानं दहा वेळा गिरवली आणि पाठ केली.

आता माझ्या लग्नाचं सांगायला हवं. लहानपणी गुऱ्हाळात उकळत्या रसाचा शिंतोडा उडून माझा डावा गाल भाजला होता. त्याचा डाग लांबूनही दिसायचा. तीन ठिकाणची माणसं मला बघायला आली, चहा प्याली, "कळवतो" म्हणाली आणि कळवायची राहिली. माझ्या बरोबरीच्या पोरी लेकरं घेऊन माहेरी यायला लागल्या. आई मला टाकून बोलत नव्हती, पण देवापुढं दिवा लावताना ती पुटपुटायची ते मला ऐकू यायचं.

अशात इंदापूरचं स्थळ आलं. घर चांगलं, मुलगा घरची शेती बघणारा. त्यांची अट एकच, साटंलोटं करायचं. मी त्यांच्याकडं द्यायची आणि त्यांची मुलगी दादाला करायची. त्यांना जपानात गेलेला जावई हवा होता, माझा गाल ते त्यासाठी पत्करणार होते. साट्यालोट्यात एक सोयरीक मोडली की दुसरी आपोआप मोडते, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. मुलाला बघता येत नाही तर निदान फोटो मागवा, असं त्यांनी आबांना सांगितलं. आबांनी माझ्याकडनं तसं पत्र लिहवून घेतलं.

त्या वर्षीची दिवाळी झाल्यावर, म्हणजे रांगोळीनंतर वर्षानं, फोटो आला. या खेपेला माझा कागद नव्हता, बरोबर आबांना पत्र होतं, 'तब्येत बरी आहे. माझ्या लग्नाचं आत्ताच ठरवू नका, थोडं थांबा.' मी ते मोठ्यानं वाचलं. आबा हसले. "सगळीच पोरं आसं म्हनत्यात. मी बी म्हनलो हुतो." मग आईनं फोटो हातात घेतला, पदरानं पुसला आणि गालाला लावला. "किती गोरा झालाय गं माझा लेक!"

मी फोटो बघितला. दादा कोट घालून बाकावर बसला होता. कॉलरमधून दोन बोटं सहज आत जातील इतकी त्याची मान बारीक झाली होती. मागं एक दार होतं आणि दाराशेजारी, अगदी त्याच्या खांद्याला लागून, एक उभी लाकडी पाटी होती. वरची अक्षरं मला लागली नाहीत. पण खाली छप्पर होतं, डाव्या अंगाला दोन थेंब होते, आत माणूस होता. आणि दारावर चिकटवलेल्या लहान कागदावर दोन झाडं आणि तिवई. आत येऊ नये. दादा दवाखान्यात होता, आणि जिथं बाहेरच्याला जाऊ देत नाहीत अशा दवाखान्यात.

कुणाला तरी भेटायला गेला असेल, अशी माझी मीच समजूत घातली. आत येऊ नये लिहिलेल्या दारात कोण कुणाला भेटायला जातो? पण मन काय, पाहिजे ते पटवून घेतं. दुसऱ्या दिवशी आई भाकऱ्या थापत असताना मी तिच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं आता सांगावं. तर तीच म्हणाली, "तुला एकदा उजवली ना पोरी, की मी सुटले. आता देवाकडं काय मागायचं न्हाय." तिचा चेहरा इतका निवांत होता की मी भाकरी उलटली आणि उठले. आबांच्या उत्तरात मात्र माझा कागद गुपचूप घातला. त्यात एकच ओळ लिहिली, 'दादा, तू दवाखान्यात आहेस का?'

उत्तर यायला दोन-अडीच महिने लागणार होते. तोवर इंदापूरची माणसं आली. फोटो हातोहात फिरला, सगळ्यांना पसंत पडला आणि दोन्ही लग्नांची सुपारी एकाच बैठकीत फुटली. माझं लग्न आधी, दादाचं तो आल्यावर. फोटो ते बरोबर घेऊन गेले.

दादाचं उत्तर आलं तेव्हा माझ्या हळदीला दहा दिवस राहिले होते. आबांचं पत्र मी वाचून दाखवलं, त्यात नेहमीचंच होतं. मग माझा कागद उघडला. त्यावर एकही पाटी नव्हती. त्यानं लिहिलं होतं, 'तू वाचलंस, माझ्या जिवावरचं ओझं उतरलं. तुझ्या कागदावरही उघड लिहायला हात धजेना, म्हणून मुद्दाम पाटीशेजारी बसून फोटो काढवला. छाती बिघडली आहे. या दारातनं बरा होऊन गेलेला माणूस मी अजून बघितला नाही. आबांना एकट्याला गाठून सांग. आईला कधी सांगायचं ते तेच ठरवतील. आणि त्या इंदापूरच्या मुलीला माझ्या नावानं बसवून ठेवू नका. एवढं माझं काम कर.'

"काय म्हनतोय तुझा दादा?" आबांनी विचारलं.

"नवी पाटी शिकवलीय," मी म्हणाले.

"कसली गं?"

"स्टेशनची."

आबा बैलांना पाणी दाखवायला गेले. मी आत जाऊन तो कागद चुलीत घातला. न्हाण्याचं पाणी तापत होतं, कागद केव्हाच जळून गेला. आईच्या सुखासाठी केलं, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत होते. खोटं आहे ते. मी माझ्यासाठी केलं. चौथ्यांदा माणसं चहा पिऊन परत जातील आणि मी तशीच आईबापाच्या घरी म्हातारी होईन, ह्या भीतीनं माझं डोकं फिरलं होतं. दहा दिवस रोज वाटायचं, आज आबांना सांगते. दहाव्या दिवशी मला हळद लागली.

इंदापूरला नवरा भला मिळाला. माझ्या गालाबद्दल तो जन्मात एक शब्द बोलला नाही. आणि ती मुलगी, माझी नणंद, पंधरा वर्षांची, दिसायला देखणी आणि बोलायला गोड. साट्यालोट्यामुळं मी तिची वहिनी आणि ती माझी होणारी वहिनी, म्हणून आम्ही दोघी एकमेकींना वहिनीच म्हणायचो. सासूबाई म्हणायच्या, "हाक कुणी कुणाला मारली तेच कळंना बाई!" दादाचा फोटो तिथं देव्हाऱ्याजवळच्या कोनाड्यात होता. रोज सकाळी ती तो पुसायची आणि कुणी बघतंय का म्हणून आधी मागं वळून बघायची.

एके दुपारी आम्ही दोघी ज्वारी निवडत होतो. ती फोटो घेऊन माझ्याजवळ सरकली. "वहिनी, तुमाला ह्यातलं वाचता येतं म्हनं. ही पाटी कसली वो?"

मी सुपातला एक खडा वेचून टाकला. "बागेची," मी म्हणाले.

"काय लिवलंय?"

"फुलं तोडू नयेत."

तिनं फोटो पुन्हा नीट बघितला. "न्हाय तोडलेली," ती म्हणाली, "हातात कुठं फूल दिसत न्हाय त्यांच्या." मग तिनं विचारलं, ह्यात फूल कुठलं? आणि मी, सटवी, छपरावर आणि दोन थेंबांवर बोट ठेवलं.

चार दिवसांनी तिनं पांढऱ्या कापडाचा रुमाल भरायला घेतला. तेव्हा होणाऱ्या नवऱ्यासाठी मुली रुमाल भरायच्याच. कोणी कोपऱ्यात मोर काढी, कोणी पोपट. हिनं लाल रेशमानं ती खूण काढली. फोटो मांडीवर ठेवून, एकेक रेघ बघून, टाका न टाका सारखा. मी शेजारी बसून तिला सुईत दोरा ओवून देत होते. आजारपणाची खूण ती माझ्या भावासाठी भरत होती, आणि मी तोंडातनं ब्र काढला नाही.

श्रावणात दादा गेल्याची तार बारामतीला आली. बारामतीहून एक चुलते मोटारीनं आम्हांला न्यायला आले. आबा ओसरीवर बसले होते, त्यांच्या समोर पाण्याचा तांब्या तसाच होता. मला बघून म्हणाले, "येकाएकी गेला म्हनं गं. आगं मला नुसतं कळलं आसतं ना, की पोरगं आजारी हाय, तर मी बोटीत बसून गेलो आसतो. येकटं न्हवतं मरू दिलं." मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवून रडले. सगळ्यांना वाटलं, भावासाठी रडतेय. आबांना वेळ मिळाला असता. तो मी चुलीत घातला होता.

इंदापूरला परत आले तर माझ्या नणंदेची दशा बघवेना. लग्न लागलं नव्हतं, तरी सुपारी फुटली होती. फोटो आला, सुपारी फुटली आणि पोरगा गेला, एवढंच लोक बोलत होते. पांढऱ्या पायाची ठरली ती. हळदीकुंकवाला बायका तिच्यापाशी यायच्या आणि पुढं सरकायच्या. दोन वर्षं एकही स्थळ उभं राहिलं नाही. शेवटी सुप्याकडचा एक बिजवर मिळाला, तिच्या दुपटीहून मोठा, पदरात तीन मुलं, आणि शेती सगळी पावसाच्या भरवशावर. मांडवही घातला नाही. चार माणसांत दारापुढं अक्षता टाकल्या.

ती निघायच्या दिवशी सकाळी मी तिची ट्रंक भरत होते. तिनं आतल्या घडीत तो रुमाल ठेवला. मी म्हणाले, "हा नका नेऊ."

"ऱ्हाऊ द्या की," ती म्हणाली. "कुनाला काय कळतंय? फूल हाय नुसतं."

तेव्हा मला राहवेना. मी दार लोटलं आणि सगळं सांगितलं. पाटीवर काय होतं, दादानं काय लिहिलं होतं, आणि मी कुणासाठी गप्प बसले. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"सुपारीच्या आधीच ठावं हुतं?" तिनं विचारलं.

"व्हय."

"त्यांनी सांगा म्हनलं हुतं?"

"व्हय."

रुमाल तिच्या हातात होता. तिनं त्या लाल खुणेवरनं अंगठा फिरवला. मला वाटलं, आता ही माझ्या तोंडात मारील. मारली असती तर बरं झालं असतं. पण ती एवढंच म्हणाली, "माझ्या भावाला ठावं हाय का?"

"न्हाय."

"मग सांगू नका. घराभाईर काढील तुमाला. येकीचं झालं तेवढं बास." आणि बाहेरनं हाका आल्या तशी ती वाकली, रीत म्हणून माझ्या पाया पडली, आणि ट्रंक उचलायला माणूस बोलवायला गेली.

तिनं शब्द पाळला. सुप्याकडं तिनं दुसरीची तीन मुलं वाढवली, दुष्काळात खडी फोडली, आणि चाळिशीच्या आतच गेली. पण ते गुपित तिच्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही. माझा संसार मात्र सुखाचा झाला. माझे यजमान मोठे थट्टेखोर होते. पाहुणेरावळे जमले की माझ्याकडं बोट करून हमखास म्हणायचे, "आमच्या हिला काय सांगू नका बरं का. हिच्या तोंडात तीळ भिजत न्हाय!" सगळे हसायचे. मीही पदर तोंडाला लावून हसायची.